इंग्रजीतलं उद्गारचिन्ह: आधी वाक्य, मग चिन्ह

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या क्लासला दोन तऱ्हेचे लोक येतात. सहा वाजता दहावीची मुलं, आणि आठ वाजता अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून सुटून आलेली नोकरदार मंडळी. उद्गारचिन्हाच्या बाबतीत दोघांची दुखणी वेगळी. मुलं वाक्य चुकीचं रचतात आणि शेवटी चिन्ह ठोकून मोकळी होतात. मोठी माणसं वाक्य नीट लिहितात, पण त्याच्या शेपटाला तीन-तीन चिन्हं बांधतात. मूळ एकच आहे: चिन्ह आधी सुचतं आणि वाक्याकडे लक्ष नंतर जातं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. चौथी पायरी आधी केली आणि दुसरी नंतर, तर सगळं पुन्हा खोडावं लागतं.

तयारी

एक वही, एक पेन्सिल आणि तुम्ही आधी इंग्रजीत लिहिलेला आठ-दहा वाक्यांचा मजकूर घ्या. निबंध, ऑफिसचा मेल, व्हॉट्सॲपवरचा निरोप, काहीही चालेल. इथली उदाहरणं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीत उतरवून घ्या, कारण पुढे कॅपिटल अक्षराचा प्रश्न येणार आहे आणि तो देवनागरीत दिसत नाही.

१. सगळी चिन्हं काढा

मजकुरातली सगळी उद्गारचिन्हं पेन्सिलीने खोडा आणि प्रत्येक ठिकाणी पूर्णविराम द्या. हो, सगळी. बरोबर आलेलीसुद्धा.

ही पायरी लोकांना जड जाते. गेल्या वर्षी पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार परदेशातल्या खरेदीदाराला पाठवायचा मेल घेऊन आले होते. सहा ओळींचा मेल आणि त्यात अकरा उद्गारचिन्हं. "डॉक्युमेंट्स नॉट रिसीव्हड!!! प्लीज रिप्लाय!!!" असा सूर. मी विचारलं, एवढं भांडण कशावरून झालं? ते म्हणाले, "सर, राग नव्हता हो, घाई होती." पलीकडच्या माणसाला घाई दिसत नाही, आरडाओरडा दिसतो. सगळे पूर्णविराम करून मेल वाचला तेव्हा त्यांनाच कळलं की एकाही वाक्याला चिन्हाची गरज नव्हती. गरज होती ती तारखेची, कागद कधीपर्यंत हवेत ते सांगणाऱ्या. ती मेलमध्ये कुठेच नव्हती.

तपासा: पूर्णविराम दिल्यावर एखादं वाक्य पोकळ वाटायला लागलं, तर त्यात माहिती कमी आहे. ती आधी भरा.

२. व्हॉट आणि हाऊची वाक्यं वेगळी काढा

आता ज्या वाक्यांची सुरुवात व्हॉट किंवा हाऊने होते आणि जी प्रश्न विचारत नाहीत, त्यांच्याखाली रेघ मारा. ही इंग्रजीतली हक्काची उद्गारार्थी वाक्यं. त्यांची रचनाच उद्गाराची असते, म्हणून त्यांना चिन्ह द्यायचंच. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्राथमिक शाळेच्या परीक्षेसाठी तर असंच ठरवलं गेलं की व्हॉट किंवा हाऊने सुरू होणारं वाक्यच उद्गारार्थी म्हणून धरायचं. त्यावर तिथे बरीच वादावादी झाली, पण आपल्या पेपरापुरता हा आधार चांगला आहे.

व्हॉट घ्यायचं की हाऊ, इथे मराठी डोकं फसतं. आपण दोन्हीकडे "काय" म्हणतो. काय सुंदर फूल आहे! काय सुंदर गाते ती! म्हणून मुलं दुसऱ्या वाक्यालाही व्हॉट लावतात आणि "व्हॉट ब्यूटिफुल शी सिंग्ज" लिहून येतात.

मराठी "काय" विसरा आणि पुढे नाम आहे का ते बघा.

ज्याचं कौतुक चाललंय ते नाम लगेच पुढे असेल तर व्हॉट:
व्हॉट अ ब्यूटिफुल फ्लॉवर इट इज!

पुढे नुसतं विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर हाऊ:
हाऊ ब्यूटिफुल धिस फ्लॉवर इज!
हाऊ ब्यूटिफुली शी सिंग्ज!

"व्हॉट ब्यूटिफुल!" एवढंच लिहून थांबणारे पुष्कळ आहेत. फोटोखाली तर रोज दिसतं. ते चूक आहे. "हाऊ ब्यूटिफुल!" म्हणा.

व्हॉट घेतलं की पुढचा खड्डा अ आणि ॲन यांचा. नाम मोजता येणारं आणि एकवचनी असेल तरच अ किंवा ॲन लागतो. अनेकवचन असेल तर काहीच नाही: व्हॉट स्वीट ग्रेप्स दीज आर! मोजता न येणारं नाम असेल तरी काहीच नाही: व्हॉट लव्हली वेदर! डिसेंबरात नाशिकची थंडी बघून लोक "व्हॉट अ लव्हली वेदर" लिहितात, तिथला अ काढा. न्यूज, ॲडव्हाइस, ट्रॅफिक, फर्निचर ही त्याच जातीची नामं. द्वारका चौकात अडकलात तर "व्हॉट ट्रॅफिक!" म्हणा, "व्हॉट अ ट्रॅफिक" नको. "व्हॉट अ पिटी" आणि "व्हॉट अ रिलीफ" यांत मात्र अ येतोच. ते तसेच पाठ करा.

अ की ॲन, हे लगेच पुढच्या शब्दाच्या उच्चारावरून ठरतं. नामावरून नाही, स्पेलिंगवरूनही नाही. म्हणून "व्हॉट ॲन ऑनेस्ट मॅन", कारण एच बोलला जात नाही. आणि "व्हॉट अ युनिक आयडिया", कारण सुरुवात "यु"ने होते.

३. शब्दांचा क्रम लावा

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, तेव्हा इथे घाई करू नका.

मराठीत "किती उकडतंय" हे वाक्य प्रश्नही होऊ शकतं आणि उद्गारही. शब्द तेच, क्रम तोच, फक्त आवाज बदलतो आणि लिहिताना शेवटचं चिन्ह बदलतं. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे क्रमच बदलतो:

हाऊ हॉट इज इट? हा प्रश्न आहे. क्रियापद आधी, कर्ता नंतर.
हाऊ हॉट इट इज! हा उद्गार आहे. कर्ता आधी, क्रियापद नंतर.

आपल्या मुलांना व्हॉट आणि हाऊ हे शब्द प्रश्नातच भेटलेले असतात, म्हणून हात आपोआप प्रश्नाचा क्रम लिहितो आणि शेवटी उद्गारचिन्ह लावतो:

चूक: व्हॉट अ बिग डॅम इज इट!
बरोबर: व्हॉट अ बिग डॅम इट इज!

चिन्ह लावल्याने प्रश्नाचा उद्गार होत नाही. परीक्षकाला चिन्ह दिसायच्या आधी उलटा क्रम दिसतो.

युक्ती: वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवा. साध्या वाक्यात शेवटी क्रियापद आणि त्याच्या अलीकडे कर्ता हवा. इट इज, शी सिंग्ज, दे वेअर. शेवटी इट किंवा शी आलं तर क्रम उलटा आहे.

अपवाद एकच सांगतो. बोलण्याच्या इंग्रजीत "इझन्ट इट हॉट!" असं प्रश्नाच्या क्रमातलं वाक्यही उद्गार म्हणून येतं, पण त्याच्या सुरुवातीला व्हॉट किंवा हाऊ नसतं. बोलताना खुशाल वापरा, पेपरात त्याच्या वाटेला जाऊ नका.

४. उरलेल्या वाक्यांना मारुतीची कसोटी लावा

व्हॉट-हाऊची वाक्यं झाली. उरलेल्या साध्या वाक्यांना चिन्ह द्यायचं की नाही, हे व्याकरण सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण आकडे नंतर विचारतो. आधी विचारतो, पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. वाक्यातल्या भावनेलाही हेच माप लावा. गुडघ्याला किंवा कमरेला असेल तर पूर्णविराम. गळ्याशी आली तरच उद्गारचिन्ह.

"आय गॉट युअर मेल." गुडघ्याच्याही खाली. पूर्णविराम.
"अवर टीम वन बाय टू रन्स." कमरेला. सामना तुम्ही मैदानात बसून बघितला असेल तर थोडं वर, पण बातमी म्हणून सांगत असाल तर पूर्णविरामच.
"द हाउस इज ऑन फायर!" हे गळ्याच्या वर गेलं.

एका परिच्छेदात चार वाक्यं गळ्याशी आली असतील तर माप चुकलंय. पुन्हा बघा.

५. सुटे उद्गार: चिन्ह की स्वल्पविराम

मराठीत अरेरे, शाब्बास, अबब ही केवलप्रयोगी अव्ययं आली की पुढे उद्गारचिन्ह द्यायचं, असं आपल्या हाताला वळण लागलेलं असतं. इंग्रजीत दोन वाटा आहेत.

उद्गार जोराचा असेल तर त्याच्यापुढे चिन्ह. तिथे वाक्य संपलं, म्हणून पुढचा शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होतो:
हुर्रे! वी हॅव वन द मॅच. यातल्या वी चा डब्ल्यू मोठा.

उद्गार सौम्य असेल तर त्याच्यापुढे स्वल्पविराम आणि पुढचं अक्षर लहान:
ओह, यू आर हिअर.
वेल, लेट अस सी.

हुर्रेपुढे स्वल्पविराम देऊन चिन्ह शेवटी नेलं तरी चालतं. पण एकाच वाक्यात हुर्रेपुढे एक आणि शेवटी एक अशी दोन-दोन टाळा.

सावध: येस, नो, ओके, थँक्स यांना उद्गार समजू नका. "येस! सर! आय! विल! कम!" असा मेसेज मी प्रत्यक्ष पाहिला आहे. लिहिणारा मुलगा अगदी गरीब स्वभावाचा होता.

अलास हा शब्दही जपून वापरा. तो मोठ्या दुःखाचा आहे. बस चुकली म्हणून अलास लिहिलं तर वाचणारा हसेल.

६. हुकूम, विनंती, शुभेच्छा

हुकूम धोक्याचा किंवा रागाचा असेल तर चिन्ह: स्टॉप! गेट आउट! साधी सूचना असेल तर पूर्णविराम: ओपन युअर बुक्स.

प्लीज आणि उद्गारचिन्ह यांचं जमत नाही. "प्लीज सेंड द रिपोर्ट!" हे वाक्य तोंडाने विनंती करतं आणि डोळे वटारतं. आठच्या बॅचमधल्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात: मी तर प्लीज लिहिलं होतं, साहेब का चिडले? चिन्ह काढा, पूर्णविराम द्या.

शुभेच्छांना चिन्ह शोभतं. हॅपी बर्थडे! मे यू लिव्ह लाँग! पण मे ने सुरू होणारं सगळंच शुभेच्छा नसतं. "मे आय कम इन" हा प्रश्न आहे, त्याला प्रश्नचिन्हच.

पत्राच्या किंवा मेलच्या मायन्यात डिअर सर च्या पुढे स्वल्पविराम. तिथे उद्गारचिन्ह नको.

७. अवतरणचिन्ह आणि कंस

इथे एकच प्रश्न विचारायचा: ओरडतंय कोण?

बोलणारा ओरडत असेल तर चिन्ह त्याच्या शब्दांबरोबर, म्हणजे अवतरणाच्या आत:
"रन!" शी शाउटेड.

या छोट्या वाक्यात तीन सापळे आहेत. पहिला, चिन्ह आत आलं की त्याच्याबरोबर स्वल्पविराम द्यायचा नाही. नेहमीच्या सवयीने मुलं रन, मग उद्गारचिन्ह, मग स्वल्पविराम असं लिहितात. दुसरा, शी चा एस लहान, कारण सगळं मिळून एकच वाक्य आहे. मोबाइलचा कीबोर्ड उद्गारचिन्ह दिसलं की पुष्कळदा पुढचं अक्षर आपणहून मोठं करतो, ते हाताने लहान करा. तिसरा, शेवटचा पूर्णविराम. उद्गार रन वर संपला, वाक्य शाउटेड वर संपतं. तिथे पूर्णविराम हवाच.

ओरडणारे तुम्ही असाल, म्हणजे आश्चर्य लिहिणाऱ्याचं असेल, तर चिन्ह अवतरणाच्या बाहेर:
ही कॉल्स दॅट पडल अ "लेक"!
डबक्याला तळं म्हणणारा शांतपणेच म्हणतोय. नवल आपल्याला वाटतंय.

कंसाचंही तसंच. कंसातल्या शब्दांपुरता उद्गार असेल तर चिन्ह कंसात, आणि मूळ वाक्याचा पूर्णविराम कंसाबाहेर:
द बस केम ऑन टाइम (ॲट लास्ट!).

८. टाइप करताना

एका ठिकाणी एकच चिन्ह. दोन दिल्याने भावना दुप्पट होत नाही. फ्लेक्सवरच्या "भव्य शुभारंभ!!!" ची सवय इंग्रजी मेलमध्ये आणू नका.

चिन्हाच्या आधी मोकळी जागा सोडू नका, नंतर एक सोडा. चिन्हापुढे आणखी पूर्णविराम नको. एकच ठिकाण वेगळं: संक्षेपाचा टिंब. "५ ए.एम.!" लिहिताना एम नंतरचा टिंब राहतो, कारण तो संक्षेपाचा आहे.

आकड्याला चिकटवून उद्गारचिन्ह कधीच देऊ नका. गणितात ५! म्हणजे पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे १२०. "द आन्सर इज ५!" असं आनंदाने लिहिलंत तर गणिताचे सर १२० वाचतील.

९. पेपरात: वाक्य बदलताना

डू ॲज डायरेक्टेड मध्ये साधं वाक्य देऊन उद्गारार्थी करायला सांगतात. क्रम असा ठेवा: आधी व्हेरी खोडा. मग नाम शोधून व्हॉट की हाऊ ते ठरवा. मग अ किंवा ॲन पुन्हा तपासा. मग कर्ता आणि क्रियापद शेवटी न्या. चिन्ह सगळ्यात शेवटी.

"पुन्हा तपासा" का, ते या वाक्यात बघा:
इट इज अ व्हेरी ओल्ड टेम्पल.
व्हेरी होतं तोवर अ बरोबर होता. व्हेरी गेल्यावर पुढे ओल्ड आला आणि अ चा ॲन झाला:
व्हॉट ॲन ओल्ड टेम्पल इट इज!
व्हेरी खोडून अ तसाच ठेवणारी मुलं दर वर्षी सापडतात, आणि ती हुशार मुलंच असतात. बाकी सगळं बरोबर आल्यामुळे ती मागे वळून बघत नाहीत.

नाम मागे कर्त्यात असेल तर हाऊ:
द व्ह्यू फ्रॉम पांडवलेणी इज व्हेरी ब्यूटिफुल.
हाऊ ब्यूटिफुल द व्ह्यू फ्रॉम पांडवलेणी इज!

उलटं करताना व्हेरी परत आणा आणि पूर्णविराम द्या. "हाऊ आय विश" ने सुरू होणारा उद्गार साधा करताना नुसतं "आय विश" ठेवा.

इनडायरेक्ट स्पीचमध्ये उद्गारचिन्ह राहत नाही. भावना आता शब्दात सांगायची असते:
ही सेड, "हाऊ हॉट इट इज!"
ही एक्स्क्लेम्ड दॅट इट वॉज व्हेरी हॉट.
हुर्रे असेल तर विथ जॉय, अलास असेल तर विथ सॉरो. हुर्रे आणि अलास हे शब्दही जातात, चिन्हाबरोबरच.

सराव

सहाच्या बॅचमधल्या एका मुलाने पुरावर लिहिलेली सहा वाक्यं देतो. खाली बघण्याआधी स्वतः दुरुस्त करा.

लास्ट संडे वी वेंट टू रामकुंड!! व्हॉट अ हेवी रेन वॉज इट. द वॉटर हॅड रीच्ड द नेक ऑफ दुतोंड्या मारुती. माय अंकल शाउटेड, "कम बॅक"! अलास, वी कुड नॉट टेक अ फोटो!!! प्लीज डोन्ट गो निअर द वॉटर!

पहिलं वाक्य नुसती माहिती आहे, पूर्णविराम. दुसऱ्यात तीन चुका: मोजता न येणाऱ्या रेन ला अ, उलटा क्रम आणि चिन्हाचा पत्ता नाही. व्हॉट हेवी रेन इट वॉज! चौथ्यात ओरडणारे काका आहेत, म्हणून चिन्ह अवतरणाच्या आत: "कम बॅक!" तिथेच वाक्यही संपतं, बाहेर काही नको. पाचव्यात फोटोसाठी अलास फार झाला, सॅडली लिहा आणि पूर्णविराम द्या. सहाव्यात प्लीज आहे, पूर्णविराम.

सात चिन्हं होती, दोन उरली. तिसऱ्या वाक्यात मात्र पाणी खरोखरच मारुतीच्या गळ्याशी आलंय. तिथे त्याने पूर्णविराम ठेवला होता आणि मी तो तसाच राहू दिला. तुम्ही उद्गारचिन्ह दिलंत तरी मी लाल पेन उचलणार नाही.